भरवशाचा दर्या, थंड पाणी

सुरतेतल्या उधन्याहून पाण्याकडे जायच्या दोन वाटा, आणि दोन्ही तापीलाच जाऊन मिळतात. एक रेल्वेची. १९००च्या सुमारास पुरी झालेली तापी व्हॅली रेल्वे उधन्याहून निघते आणि बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार, अमळनेर करत जळगावला पोचते. उधना, लिंबायत, डिंडोलीतली कितीतरी खानदेशी कुटुंबं याच रुळांवरून सुरतेत आली. लूमच्या पाळीला निघालेल्या माणसांची अहिराणी अजूनही उधन्याच्या फलाटावर कानावर पडते. वाटेत सोनगडजवळ उकाईचं धरण लागतं आणि त्याचा फुगवटा थेट नंदुरबार जिल्ह्यात शिरतो. दुसरी वाट डांबरी, उधना-मगदल्ला रोडची. ती संपते तिथे तापीची खाडी झालेली असते. पुढे डुमस, हजिरा आणि मग खंभातचं आखात.

दोन्ही टोकांना जाळ्यावर पोट असलेली माणसं राहतात. वर उकाईच्या फुगवट्यात विस्थापित आदिवासी पाड्यांतले लोक लहान होड्यांतून जाळी लावतात. खाली आखातात आणि उमरगाव-डहाणूच्या पट्ट्यात मांगेला, कोळी, माछी, खारवा हे पिढीजात दर्यावर्दी. पालघर जिल्ह्यातले खलाशी तर हंगामात पोरबंदर-ओखा-वेरावळच्या बोटींवर कामाला जातात आणि कच्छच्या समुद्रापर्यंत पोचतात.

पावसाळ्यातल्या पाण्याला सगळेच भितात. सरकारही भितं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला, की बोटी हळूहळू बाहेर पडतात. दिवाळीनंतर वारा पडतो, पाणी निवळतं, आकाश धुतल्यासारखं होतं. कमाईचे महिने हेच. आणि या महिन्यांत पाण्याचं भय वाटेनासं होतं. घोटाळा इथेच आहे.

तारखा पाहा. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या समुद्रात सुमारे चाळीस विद्यार्थ्यांना सहलीला नेणारी बोट उलटली आणि तीन मुली बुडाल्या. बाकीच्यांना वाचवायला सर्वांत आधी धावले ते आसपासचे मच्छीमार. १५ जानेवारी २०१९ रोजी, संक्रांतीच्या पर्वात, नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात नर्मदेच्या पात्रात बोट उलटून लहान मुलांसह निदान सहा जण गेले. १८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका. तो तर शहरातला तलाव. ना लाट, ना वादळ. या बोटी मासेमारीच्या नव्हत्या, हे खरं. पण महिना तोच, आणि ‘आज पाणी शांत आहे’ हा भरवसाही तोच.

मच्छीमारांच्या वाट्याची तारीख वेगळी सांगायला हवी. १ डिसेंबर २०२१ च्या रात्री गीर सोमनाथ जिल्ह्यात, उन्याजवळच्या नवाबंदरला, अवकाळी पाऊस आणि वाऱ्याने दहाहून अधिक बोटी बुडवल्या. आठ खलाशी बेपत्ता झाले. या बोटी भर समुद्रात नव्हत्या, बंदरालगत होत्या. खलाशी बोटीवरच झोपतात. थंडीत तर हमखास, पांघरुणात गुरफटून. पांघरुणासकट पाण्यात पडलेल्या माणसाला आधी त्या कापडातून सुटावं लागतं, पोहणं त्यानंतर.

आता प्रश्न येतो, आपल्याकडचं पाणी थंड म्हणायचं का? सुरतेच्या माणसाला हा प्रश्नच हास्यास्पद वाटेल. दक्षिण गुजरातच्या किनाऱ्याला जानेवारीत समुद्राचं तापमान साधारण २३ ते २५ अंशांच्या घरात असतं. कच्छकडे ते आणखी उतरतं, आणि तिथल्या नलियाचा पारा तर गुजरातभर थंडीसाठी प्रसिद्ध आहे. तरी बर्फ कुठेच नाही. पण शरीराचं गणित बर्फावर चालत नाही. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब ओढून घेतं. उघड्या अंगाने स्वस्थ पडून राहायचं, तर पाणी तेहतीस-चौतीस अंशांचं लागतं. त्याखालच्या पाण्यात दर मिनिटाला काहीतरी गमावलं जात असतं. आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली आलं, की डॉक्टर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. बचावदलांच्या प्रचलित तक्त्यात २१ ते २७ अंशांच्या पाण्यात माणूस साधारण ३ ते १२ तासांत गळून जातो, असं धरलेलं असतं. संध्याकाळी पाण्यात पडलेल्या माणसाचा शोध बहुधा उजाडल्यावर सुरू होतो. तेवढ्यात बारा तास गेलेले असतात.

या बाबतीत डोळे उघडणारं उदाहरण उबदार अटलांटिकमधलं आहे. २२ डिसेंबर १९६३ च्या रात्री मदेइरा बेटाच्या उत्तरेला ‘लाकोनिया’ या प्रवासी जहाजाला आग लागली. पाणी सुमारे १८ अंशांचं होतं. कडाक्याच्या हिवाळ्यात उकाईच्या पाण्यात पहाटे हात घातला, तर याहून फार वेगळं वाटणार नाही. १२८ माणसं गेली. त्यांतली बहुतेक पाण्यात गेली, आणि अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट होतं. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ विल्यम कीटिंग यांनी या मृत्यूंचा अभ्यास केला. माणसं तरंगत होती, तरी काही तासांत थंडीने संपली, हे त्यातून पुढे आलं. बुडणं आणि गारठणं ही दोन वेगळी मरणं आहेत, हे वैद्यकाने तेव्हापासून गांभीर्याने घेतलं.

त्याही आधीचं एक मरण पहिल्याच मिनिटात गाठतं. गार पाण्यात अचानक पडलं, की छाती आपोआप एक मोठा श्वास ओढते आणि मग श्वास धपापत राहतो. तोंड त्या क्षणी पाण्याखाली असेल, तर तेवढाच श्वास पुरतो. ब्रिटनमधले संशोधक माइक टिप्टन यांच्या प्रयोगांनुसार हा झटका १० ते १५ अंशांना सर्वांत जोराचा असतो, पण त्याची सुरुवात २५ अंशांच्या खालीच होते. म्हणजे आपला जानेवारीचा समुद्र आणि आपले तलाव त्या हद्दीत येतात. म्हणून ब्रिटनची जीवरक्षक संस्था आरएनएलआय लोकांना सांगते, की पडल्यावर लगेच हातपाय मारू नका. पाठीवर पडा, तोंड वर ठेवा, मिनिट-दीड मिनिट नुसतं तरंगा, श्वास ठिकाणावर येऊ द्या. पट्टीच्या पोहणाऱ्याला हे सर्वांत अवघड जातं. तो पडल्या पडल्या हात मारू लागतो.

त्यानंतर हात जातात. बोटं आखडतात, मूठ वळत नाही, दंडातली ताकद सरते. कॅनडातले प्राध्यापक गॉर्डन गिसब्रेख्त यांनी बर्फाळ पाण्यासाठी एक सोपा आकडा रूढ केला: श्वास सावरायला १ मिनिट, कामाची हालचाल करायला १० मिनिटं, शुद्ध हरपायला १ तास. आपल्याकडे हे आकडे पुष्कळ सैल होतील, पण क्रम तोच राहतो. दोर धरायचा, जॅकेटचा पट्टा आवळायचा, उलटलेल्या होडीवर चढायचं, ते सगळं हात चालतात तोवर. मच्छीमाराचे हात तर पाण्यात पडण्याआधीच गारठलेले असतात, कारण पहाटेपासून तो ओलं जाळं ओढत असतो.

खंभातच्या आखातात थंडीबरोबर भरती-ओहोटी असते, आणि तिला ऋतू नसतो. भावनगरच्या बाजूला उधाणाच्या भरतीला पाणी दहा मीटरांपर्यंत चढतं. हा जगातल्या मोठ्या भरत्यांपैकी एक. काही ठिकाणी प्रवाह ताशी दहा किलोमीटरच्या आसपास धावतो. दीड किलोमीटरची ऑलिंपिक शर्यत जिंकणारा जलतरणपटू ताशी सहा-सव्वासहा किलोमीटरने पोहतो. तेव्हा ‘पोहून किनारा गाठीन’ हा विचार इथे कामाचा नाही. डोलीचं जाळं लावणारे तांडेल हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. त्यांचं सगळं वेळापत्रकच उधाण आणि भांग, म्हणजे मोठी आणि लहान भरती, यांवर बेतलेलं असतं आणि प्रवाह थबकतो त्या अवधीत जाळं उचललं जातं. हिवाळ्यात त्यात पहाटेच्या मतलई वाऱ्याची भर पडते. तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तेव्हा इंजिन बंद पडलेली होडी किनाऱ्याला लागायच्या ऐवजी बाहेर जाते.

होडी उलटली तर? होडी सोडायची नाही. लाकडी किंवा फायबरची होडी उलटूनही बराच वेळ तरंगते. शोधणाऱ्याला माणसाचं डोकं दिसत नाही, होडी दिसते. शरीराचा जेवढा भाग तिच्यावर, पाण्याबाहेर काढता येईल तेवढा काढायचा. अंगावरचे कपडे उतरवायचे नाहीत, त्यांत अडकलेलं पाणी थोडीफार ऊब धरतं. जॅकेट असेल तर गुडघे छातीशी घेऊन आणि दंड अंगाला चिकटवून पडून राहायचं, चारजण असतील तर एकमेकांना कवळून. जॅकेट नसेल तर यांतलं काहीच जमत नाही, कारण तरंगण्यासाठी हातपाय हलवत राहावं लागतं आणि त्यातच ऊब जाते.

तरी मच्छीमार जॅकेट घालत नाही, आणि त्याला नुसती दूषणं देणं सोपं आहे. फुगीर नारिंगी जॅकेट घालून जाळं ओढून पाहावं. बगलेत अडतं, बक्कल जाळ्यात अडकतं, दुपारी घामाने भिजवतं. ते प्रवाशासाठी केलेलं आहे, कामकऱ्यासाठी नाही. अंगाबरोबरचं, हात मोकळे ठेवणारं कामाचं जॅकेट मिळतं, पण सरकारी वाटपात बहुधा पहिलंच येतं आणि फळीखाली पडून राहतं. रात्री एकट्याने काठावर लघवीला उभं राहताना तरी ते अंगात असावं. खलाशी पाण्यात पडतात ते बऱ्याचदा अशा वेळी, आणि पडल्याचं बाकीच्यांना कळतच नाही.

पाण्याबाहेर काढल्यावरही घात होतो. गारठलेल्या माणसाला बगलेत धरून उभा ओढला, तर रक्तदाब एकदम कोसळतो आणि वाचवलेला माणूस फळीवर मरतो. त्याला आडवा उचलायचा. मच्छीमाराकडे त्यासाठी जाळ्याइतकं चांगलं साधन नाही: झोळी करून खाली सोडायचं आणि गुंडाळत वर घ्यायचं. मग ओले कपडे काढून कोरडं पांघरूण. एक घोंगडी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून होडीत ठेवली, तर तिच्याइतका स्वस्त विमा नाही. हातपाय चोळायचे नाहीत, शेकोटीला धरायचं नाही. शुद्धीवर असेल तर गरम गोड चहा. आणि दारूचा घोट तर मुळीच नको. तिने कातडीच्या रक्तवाहिन्या उघडतात, वरून ऊब वाटते आणि आतली ऊब निघून जाते. ‘थंडी मारायला’ बाटली घेऊन जाणारे हे ऐकून हसतात.

हिवाळी समुद्राची सगळ्यात मोठी परीक्षा सुरतेने २०१७ मध्ये पाहिली. नोव्हेंबरच्या अखेरीस कन्याकुमारीजवळ ओखी वादळ उठलं. केरळ आणि तामिळनाडूचे मच्छीमार आधीच खोल समुद्रात गेले होते. त्यांच्यापर्यंत इशारा पोचवायचं साधनच नव्हतं. शेकडो गेले किंवा बेपत्ता झाले. काही बोटी वाऱ्याबरोबर उत्तरेला आल्या. ६८ बोटी आणि ९५२ मच्छीमार सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्याचं महाराष्ट्र सरकारने तेव्हा जाहीर केलं. वादळाचा रोख सुरतेवर होता. ५ डिसेंबरला शाळांना सुट्टी, विधानसभा निवडणुकीच्या सभा रद्द, डुमसचा किनारा रिकामा. पण किनारा गाठेपर्यंत ओखी ढेपाळलं आणि ६ डिसेंबरच्या पहाटे सुरत आणि डहाणूच्या दरम्यान नुसतं कमी दाबाचं क्षेत्र म्हणून जमिनीवर आलं. वरच्या थरातल्या वाऱ्यांनी आणि कोरड्या हवेने त्याला तोडलं, तसं उत्तर अरबी समुद्राच्या थंडावलेल्या पाण्यानेही. वादळाला साधारण साडेसव्वीस अंशांचं पाणी लागतं. ज्या पाण्यात माणूस गारठतो, त्याच पाण्याने सुरत वाचवली.

ओखीनंतर साधनं आली. २०१९ मध्ये खोल समुद्रात उपग्रहावरून इशारे पोचवणारं ‘जेमिनी’ उपकरण आलं. संकटसंदेश पाठवणारं इस्रोचं यंत्र २०१० पासून होतंच, पण त्याचं बोलणं एकतर्फी होतं. खलाशी बटण दाबायचा आणि ते कुणी ऐकलं की नाही, हे त्याला कळायचं नाही. २०२४ च्या सुधारित यंत्रात उलट पोच येते. मदत निघाली आहे हे कळलेला माणूस होडी सोडून पोहायला लागत नाही, म्हणून ही पोच मोलाची. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये, वाढवण बंदराच्या भूमिपूजनाच्या कार्यक्रमात, पंतप्रधानांनी एक लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेची सुरुवात केली. ती तेरा किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या इंजिनाच्या बोटींसाठी आहे. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांकही मोबाइलची रेंज असेपर्यंत उपयोगाचा.

उकाईच्या फुगवट्यातली होडी यांतल्या कशातच बसत नाही. तिला इंजिन नाही, तो समुद्र नाही, तिथे तटरक्षक दल नाही. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने बिनइंजिनाच्या होड्यांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांकडे दिली आहे. म्हणजे नवापूर किंवा उच्छल तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर हे काम ग्रामपंचायतीच्या दप्तरात येतं. त्या दप्तरात होडीचा क्रमांक आणि मालकाचं नाव यांच्या जोडीला तीन रकाने वाढवायला खर्च येणार नाही: जॅकेटं किती, किती माणसं बसतात, आणि पहाटे जाळं काढायला गेलेली होडी किती वाजेपर्यंत परतली नाही, तर कुणी कुणाला हाक मारायची.