पंजाच्या आकाराचे शहर

आपला हात मेजावर पालथा ठेवून बोटे फाकवा. डेन्मार्क देशाची राजधानी कोपनहेगन हिचा ढोबळ नकाशा तुमच्यापुढे तयार होईल. तळहात म्हणजे समुद्रकाठचे जुने शहर. बोटे म्हणजे त्यापासून दूरवर गेलेली नवी वस्ती. बोटात हाड असावे, तसा त्या वस्तीच्या मध्यातून लोहमार्ग जातो. बोटांच्या मधल्या मोकळ्या जागी मात्र शेते, कुरणे आणि वनराई आहे.

हा आकार आपोआप आलेला नाही. १९४७ साली स्टीन आयलर रासमुसेन व पीटर ब्रेड्सडॉर्फ यांच्या पुढाकाराने तेथील नगररचनाकारांनी शहराच्या वाढीचा आराखडा सिद्ध केला. त्यातील पंजाच्या चित्रावरून त्याला ‘बोटांची योजना’ हे नाव पडले. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. शहर वाढणार हे उघड होते. ते कोणत्या दिशेने वाढू द्यावे, एवढाच प्रश्न होता.

शहराला मोकाट सोडले, तर ते कागदावर सांडलेल्या तेलाप्रमाणे चहूकडे पसरते. घरे विरळ व दूरदूर असली, म्हणजे आगगाडीला पुरेसे उतारू मिळत नाहीत. उतारू नाहीत म्हणून गाड्या थोड्या, आणि गाड्या थोड्या म्हणून जो तो आपली मोटार बाहेर काढतो. मग मोटारींसाठी रस्ते रुंद करावे लागतात, आणि त्या रस्त्यांच्या आधाराने वस्ती आणखी लांब सरकते. हे रहाटगाडगे एकदा फिरू लागले, की थांबवणे महाकठीण! याउलट, स्थानकाभोवती दाट वस्ती असली, तर गाड्या भरून धावतात, आणि भरून धावतात म्हणूनच वरचेवर सोडता येतात. कोपनहेगनमध्ये विजेवर चालणाऱ्या उपनगरी गाड्या १९३४ पासूनच सुरू होत्या. योजनाकारांनी या रुळांचाच आधार घेतला.

दक्षिणेकडचे बोट तर बरेचसे नव्यानेच घडवावे लागले. कोगे उपसागराच्या काठाने लोहमार्ग टप्प्याटप्प्याने पुढे नेण्यात आला. १९७२ साली त्याचा पहिला भाग खुला झाला आणि १९८३ साली गाडी कोगे गावात पोहोचली. स्थानकांच्या आसपास घरे, शाळा व दुकाने उभी राहिली. रहिवाशांना समुद्रस्नानाचा आनंद मिळावा म्हणून वाळू टाकून सुमारे सात किलोमीटर लांबीचा किनाराही तयार करण्यात आला. तो १९८० साली खुला झाला.

खरी कसोटी मात्र बोटांमधल्या हिरव्या जमिनीची होती. शहराजवळची मोकळी जागा पाहून कोणाच्या मनात घर बांधण्याचा मोह उत्पन्न होणार नाही? एकेका घराने फारसे बिघडत नाही, असे प्रत्येकालाच वाटते. परंतु अशाने पंजाचे बदकाचे पाऊल व्हायला वेळ लागत नाही. म्हणून २००७ साली डेन्मार्कच्या सरकारने या योजनेला राष्ट्रीय आदेशाचे बळ दिले. हिरव्या पट्ट्यांत नागरी वस्ती वाढवू नये, तसेच मोठ्या कचेऱ्या साधारणपणे स्थानकापासून ६०० मीटरच्या आत असाव्यात, असे त्यात ठरले. ६०० मीटर म्हणजे सात-आठ मिनिटांची चाल. त्याहून लांब असेल, तर पुष्कळांची पावले मोटारीकडे वळतात.

ज्यांचे घर स्थानकापासून दूर आहे, ते सायकलवरून येतात. २०१० पासून या उपनगरी गाड्यांत सायकल नेण्यास वेगळे भाडे पडत नाही.