गोळ्यांची खतावणी

जुलैचा मध्य उलटला की राधानगरीत दोन माणसं भेटल्यावर पहिला प्रश्न ठरलेला, ‘तळं किती भरलं?’ आणि दुसरा, ‘दरवाजं उघडलं काय?’ राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवरच्या या धरणाचं काम सुरू केलं आणि आपल्या कन्येचं, राधाबाईंचं नाव गावाला दिलं. काम पुढं बरीच वर्षं रखडलं, स्वातंत्र्यानंतर पुरं झालं. या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरल्या पातळीला पोचलं की दरवाजा आपोआप उघडतो, एकेका दरवाजातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी नदीत जातं आणि पातळी उतरली की तो आपोआप मिटतो. रात्री दोनला उघडून पहाटे मिटला तरी गावाला पत्ता नसतो.

बँकेतली नोकरी संपवून मी या गावात राहायला आलो, त्याला आता काही वर्षं झाली. घरात आम्ही दोघंच, आणि दोघांनाही रक्तदाब. निरोगी शरीरातही असेच दरवाजे असतात. दाब वाढला की रक्तवाहिन्या सैलावतात, मूत्रपिंडं जादा मीठ आणि पाणी बाहेर टाकतात. पण वय वाढतं, घराण्याचा वारसा असतो, मीठ, वजन, तंबाखू यांची भर पडते आणि दरवाजे नीट चालेनासे होतात. मग त्यांचं काम आपण गोळीकडून करून घेतो. फरक एवढाच की गोळीला पातळी दिसत नाही. पोटात गेली की ती आपलं काम करते. दोन गेल्या तर जास्त करते, एकही गेली नाही तर काहीच करत नाही. पातळीवर लक्ष माणसालाच ठेवावं लागतं. हे एवढंसं शहाणपण मला फार उशिरा आलं आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

दोन वर्षांपूर्वीचा श्रावणी सोमवार. सौ.चा उपास होता. देवघरातून उठता उठता ती म्हणाली, ‘अहो, जरा गरगरतंय.’ मी वर्तमानपत्रातून मान वर काढेपर्यंत ती उंबऱ्यावर पडली होती. भुवईवर खोक पडली, चार टाके घालावे लागले. दवाखान्यात दाब मोजला तर ९२/५८. ज्या बाईचा दाब वर्षानुवर्षं १५०च्या खाली येत नव्हता, तिचा हा आकडा!

गावातले डॉक्टर तरुण आहेत. टाके घालून झाल्यावर ते म्हणाले, ‘काका, घरी जाऊन काकूंच्या सगळ्या गोळ्या घेऊन या. चिठ्ठ्या नकोत, पट्ट्या आणा.’ मी पिशवी नेऊन टेबलावर रिकामी केली. त्यांनी दोन पट्ट्या उचलल्या. एक जुनी, सहा वर्षं चालू असलेली. दुसरी अकरा दिवसांपूर्वी कोल्हापुरातल्या एका तज्ज्ञांनी लिहून दिलेली. कंपन्या वेगळ्या, वेष्टनाचे रंग वेगळे, वर ठळक छापलेली नावंही वेगळी. डॉक्टरांनी पट्टीच्या पाठीवरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. जुनीत टेल्मिसार्टन ४० मिलिग्रॅम. नवीत टेल्मिसार्टन ४० आणि शिवाय अ‍ॅम्लोडिपीन ५. म्हणजे नव्या गोळीत जुनी गोळी आधीच होती. कोल्हापुरात आम्ही जुनी पट्टी दाखवली नव्हती, ती बंद करायची का हेही विचारलं नव्हतं. अकरा दिवस ती एकच औषध दुप्पट घेत होती, वर आणखी एक औषध. त्यात उपासामुळं पोटात अन्न नाही, पाणी नाही.

तेहतीस वर्षं मी ताळेबंद जुळवले. एका खात्यावर एकच रक्कम दोनदा पडली तर संध्याकाळी ती सापडेपर्यंत शाखेतून हलत नव्हतो. आणि माझ्याच घरात, माझ्याच बायकोच्या खात्यावर अकरा दिवस दुहेरी नोंद पडत होती. ती सापडली टाके पडल्यावर.

त्या रात्री झोप लागली नाही. डोळ्यांसमोर येत राहिले ते आमच्या शाखेतले शिपाईमामा.

ही गोष्ट १९९६ची. मामांना रक्तदाब असल्याचं बँकेच्या तपासणीत कळलं होतं, गोळी सुरू झाली होती. वर्षभरानं एके दिवशी माझ्यापुढं चहा ठेवत ते म्हणाले, ‘साहेब, बीपी नॉर्मल आलाय. गोळी बंद केलोय.’ मी सही करता करता म्हणालो, ‘बरं झालं मामा, एक खर्च वाचला.’ एवढंच. तीन महिन्यांनी, ऐन गळीत हंगामात, सकाळी शाखेचं शटर उघडताना त्यांच्या हातातून किल्ल्यांचा जुडगा पडला. तो उचलायला उजवा हात वळेना. तोंड वाकडं झालं. पुढची नऊ वर्षं त्यांनी खाटेवर काढली. मला बघितलं की काहीतरी बोलायचा प्रयत्न करायचे. त्यातलं ‘साहेब’ एवढंच कळायचं.

गोळी चालू असती तर अर्धांगवायू टळलाच असता, असं छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नाही. पण रक्तदाब हे अर्धांगवायूचं फार मोठं कारण आहे आणि तो ताब्यात ठेवला की धोका बराच उतरतो, हे पक्कं ठाऊक आहे. मामांचा दाब ‘नॉर्मल’ आला होता तो गोळीमुळं. छत्री उघडी आहे म्हणून आपण कोरडे आहोत. कोरडे आहोत म्हणून छत्री मिटली तर काय होणार? उच्च रक्तदाब बहुतेकांचा बरा होत नाही, ताब्यात राहतो. वजन उतरलं, मीठ कमी झालं, तर डॉक्टर डोस कमी करतात, क्वचित गोळी बंदही करतात. पण तो निर्णय मोजमाप बघून त्यांनी घ्यायचा असतो. काही गोळ्या तर एकाएकी सोडणं फारच धोक्याचं असतं. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल अचानक बंद केल्या तर हृदयविकार असलेल्याला झटका येऊ शकतो. क्लोनिडिन एकदम थांबवली तर दाब पूर्वीपेक्षाही वर उसळतो.

‘गोळीची सवय लागते’ असं आपल्याकडं सर्रास म्हणतात. ज्या काळात ही सवय लागायला गोळीच नव्हती, तो काळ फार जुना नाही. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. वय ६३. शेवटच्या घटकेला त्यांचा दाब ३००/१९० मोजला गेला. वर्षभर आधीपासून त्यांचा रक्तदाब चढा असल्याचं डॉक्टरांना माहीत होतं. पण विश्रांती, कमी मीठ आणि हृदयाला आधार देणारं एक औषध, यापलीकडं जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला द्यायला त्यांच्यापाशी फारसं काही नव्हतं.

त्यानंतर चारच वर्षांनी, १९४९ साली, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीचा रक्तदाबावर होणारा उपयोग रुग्णांवर तपासून आपला निबंध ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. साऱ्या जगाचं लक्ष त्या मुळीकडं गेलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पीन हे द्रव्य वेगळं काढलं आणि १९५७ साली डॉ. वकिलांना अमेरिकेचं मानाचं लास्कर पारितोषिक मिळालं. रक्तदाबावरच्या पहिल्या उपयोगी औषधांपैकी एक आपल्या मातीतून गेलं, याचा अभिमान जरूर वाटावा.

पण गोष्टीचा पुढचा भागही सांगायला हवा. रिसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांचं नाक चोंदायचं, सुस्ती यायची, काहींना खोल उदासी ग्रासायची. अधिक सोसवणारी औषधं आल्यावर ते मागं पडलं. सर्पगंधा आपल्या सह्याद्रीतही उगवते आणि ‘झाडपाल्याची आहे, अपाय नाही’ असं म्हणून चालू गोळीच्या जोडीला कुठली ना कुठली मुळी उगाळून घेणारे लोक आजही भेटतात. मुळीत औषध आहे म्हणूनच तिला अपायही आहे. मोजून दिलेल्या गोळीवर न मोजलेली मुळी, हीसुद्धा दुहेरी नोंदच. खोकल्यासाठी रोज चघळलं जाणारं ज्येष्ठमध घ्या. जास्त दिवस घेतलं तर ते पोटॅशियम उतरवतं आणि रक्तदाब चढवतं. घरच्या डब्यातलं म्हणून ते हिशेबाबाहेर राहतं, एवढंच.

सौ.चे टाके निघाले त्या दिवशी मी एक वही घातली. नाव दिलं ‘खतावणी’. तिच्या नावाचं एक पान, माझ्या नावाचं एक. पट्टीच्या पाठीवरचं औषधाचं मूळ नाव, किती मिलिग्रॅम, कुठल्या वेळी, कशासाठी, कुणी लिहून दिली, कुठल्या तारखेपासून. आणि बंद झाली तर कुणी आणि कधी केली. डॉक्टर कुठलेही असोत, दाताचे असोत की डोळ्यांचे, ती वही आधी त्यांच्यापुढं जाते. दुकानदारानं ‘तीच आहे, फक्त कंपनी दुसरी’ म्हणून दिलेली पट्टी मी मूळ नावाशी रुजवात घालून मगच घरात घेतो. स्वस्त जेनेरिक गोळीला माझी हरकत नाही. नाव आणि ताकद जुळली पाहिजे.

वहीच्या मागच्या पानांवर डॉक्टरांना विचारून काही गोष्टी लिहून ठेवल्यात. एक दिवस गोळी राहिली तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यावी. दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करू नये. अ‍ॅम्लोडिपीननं काहींचे घोटे सुजतात, एनालाप्रिलनं कोरडा खोकला लागतो. तसं झालं तर मनानं गोळी सोडू नये, डॉक्टरांना सांगावं, पर्याय असतात. पण ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला, तर पुढची गोळी न घेता तडक दवाखाना गाठावा. लघवी वाढवणाऱ्या गोळीनं म्हाताऱ्या माणसाचं सोडियम उतरू शकतं; माणूस असंबद्ध बोलायला लागला तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नये, रक्त तपासावं. टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिल घेणाऱ्यानं ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळणारं मीठ विचारल्याशिवाय वापरू नये; त्यात बरेचदा पोटॅशियम असतं आणि ते रक्तात साठू शकतं. अधूनमधून मूत्रपिंडाची तपासणीही करायला हवी. जुलाब-उलट्या लागल्या तर या गोळ्या तात्पुरत्या थांबवायच्या का, हे त्याच दिवशी विचारावं. आणि घरात लेक-सून असेल तर हे नक्की लक्षात ठेवावं: या दोन गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. दिवस राहण्याचा विचार असेल तेव्हाच डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घ्यावी.

आमच्या भागातला सगळ्यांत मोठा धोका दिसतो तो भातलावणीच्या दिवसांत. चिखलात दिवसभर वाकून कंबर-गुडघे धरतात आणि दुकानातून डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन सहज मिळतात. ही वेदनाशामकं रक्तदाब वाढवतात. टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवीची गोळी चालू असताना पोटात गेली तर मूत्रपिंडावर घाला घालू शकतात. सर्दीच्या काही गोळ्यांत नाक मोकळं करणारं औषध असतं, तेही दाब चढवतं. ‘मला बीपीची गोळी चालू आहे’ हे एक वाक्य दुकानाच्या फळीवर हात ठेवतानाच बोलून टाकावं.

आकडा घेण्यालाही शिस्त हवी. चहा किंवा तंबाखूनंतर अर्धा तास थांबावं. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसावं. हात हृदयाच्या पातळीला टेकलेला, पट्टा उघड्या दंडावर. मिनिटाभराच्या अंतरानं दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. एका आकड्यानं घाबरू नये आणि एका आकड्यानं हुरळूनही जाऊ नये. मात्र तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोबडी वळली, तर आकडा बघत बसू नये. घड्याळ बघून वेळ टिपावी आणि १०८ला फोन करावा. मामांच्या वेळी आम्ही लिंबू-सरबत करण्यात तास घालवला होता.

अशी वही ठेवणारा मीच पहिला नव्हे. राधानगरीहून फोंडा घाट उतरलं की सिंधुदुर्ग लागतो. देशात नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण कार्यक्रमात महाराष्ट्रातले जे पहिले चार जिल्हे घेतले, त्यांत सातारा, भंडारा आणि वर्धा यांच्याबरोबर सिंधुदुर्ग होता. ठरलेली थोडी औषधं, ठरलेले डोस, महिन्याच्या गोळ्या एकदम, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि जो आला नाही त्याची चौकशी. या कामाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. वाचलं तेव्हा वाटलं, हे तर आमचंच जुनं काम. हप्ता चुकला की कर्जदाराच्या दारात माणूस पाठवायचो. गोळी चुकलेल्या मामांच्या दारात कुणी गेलं नाही. मीही नाही.

गेल्या आठवड्यात मामांचा मुलगा भेटायला आला होता. आता तोही पन्नाशीला आलाय. पाऊस, लावणी, पोरांच्या नोकऱ्या, सगळं बोलून झालं. उठता उठता म्हणाला, ‘साहेब, बीपी नॉर्मल आलाय माझा. म्हटलं आता गोळी बंदच करावी.’

मी त्याला पुन्हा खाली बसवलं. सौ.ला म्हटलं, ‘अगं, आणखी एक कप चहा टाक.’ आणि कपाटातून नवी कोरी वही काढून पहिल्या पानावर त्याचं नाव लिहिलं.