कळांचा आणि सेकंदांचा हिशेब

दहावी-बारावीचे निकाल लागून प्रवेशाची धांदल उडाली, की लातूरच्या शिकवणी वर्गांच्या कीर्तीने ओढले गेलेले विद्यार्थी आणि त्यांचे पालक उत्पन्नाचा, रहिवासाचा किंवा नॉन-क्रीमिलेअरचा दाखला काढण्यासाठी सेतू केंद्रांसमोर रांग धरतात. नांदेडकडेही चित्र काही निराळे नसते. आणि त्या रांगेत तिष्ठलेल्या माणसाचा निवाडा ठरलेला असतो की, आत बसलेल्या ऑपरेटरचा हातच चालत नाही. ह्या निवाड्यामागे जे समज दडलेले आहेत, त्यांपैकी बरेचसे मोजमापाच्या कसोटीला उतरत नाहीत.

पहिला समज असा की, व्यक्ती तितक्या प्रकृती असल्यामुळे, संगणकावरील एखाद्या कामाला किती वेळ लागेल हे ते करून पाहिल्यावाचून सांगताच येणार नाही. वस्तुतः स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरन आणि ॲलन न्यूवेल ह्या संशोधकांनी 1980 मध्येच ‘कीस्ट्रोक-लेव्हल मॉडेल’ ह्या नावाने अशी एक रीत प्रसिद्ध केली की, पडद्याचा आराखडा अजून कागदावरच असताना, सराईत माणसाला त्यावर किती वेळ लागेल हे आगाऊ काढता यावे. कामाचे सुटे अवयव पाडावयाचे आणि प्रत्येकाच्या नावे सेकंद मांडावयाचे: मध्यम गतीच्या हाताला एक कळ दाबण्यास 0.28, माउसने पडद्यावरील जागा गाठण्यास 1.1, हात कळफलकावरून माउसवर नेण्यास 0.4, पुढची कृती मनाशी ठरविण्यास 1.35, आणि यंत्र जेवढा वेळ ताटकळत ठेवील, तो वेगळा. माणसामाणसांतला फरक ह्याने मिटत नाही, आणि अंदाजात सुमारे 21 टक्क्यांची चूक राहते हे त्या त्रयीनेच नमूद केले आहे. पण दोन पडद्यांपैकी उजवा कोणता, एवढे ठरविण्यास तो अंदाज बहुधा पुरतो.

नाव जितके आखूड तितका वेळ कमी, हाही असाच एक समज. लातूर जिल्ह्यातील उदगीर आणि नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर ही दोन्ही नावे चार-चार अक्षरांची आहेत. परंतु शासकीय कामात रूढ असलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर उदगीरला शिफ्टसह सहा कळा लागतात, तर अर्धापूरला दहा, कारण ‘अ’ आणि ‘ध’ हे दोन्ही वर्ण शिफ्टच्या आश्रयाला आहेत आणि रफार उमटविण्यासाठी ‘र’नंतर हलन्ताची कळ स्वतंत्रपणे दाबावी लागते. चार कळांचा फरक म्हणजे सेकंदाहून किंचित अधिक.

आता ह्याच नावांच्या निमित्ताने, तालुका यादीतून निवडू दिला की काम झटपट उरकते, हे संगणकप्रणाली पुरविणाऱ्यांचे आवडते आश्वासनही तपासून पाहावे. विचाराचा क्षण, उदगीरच्या सहा कळा आणि पुढच्या रकान्यात जाण्याची एक, मिळून 3.3 सेकंद होतात. उलट हात माउसवर न्यावयाचा, यादी गाठून उघडावयाची, नांदेडच्या सोळा किंवा लातूरच्या दहा तालुक्यांतून हवा तो टिपावयाचा आणि हात परत कळफलकावर आणून पुढे सरकावयाचे, ह्यात पाच सेकंद सहज जातात. अर्धापूरच्या बाबतीत हा फरक अर्ध्या सेकंदावर येतो, एवढेच. यादीचे समर्थन करावयाचे तर ते शुद्धलेखनाच्या आधारावर करावे, कारण यादीतून निवडलेले नाव चुकीचे लिहिले जात नाही. वेगाच्या नावाखाली ते खपवू नये.

कळा कमी केल्या म्हणजे वेळ कमी होतोच, हा समज तर जाणत्यांनाही चकवितो. अमेरिकेतील एका टेलिफोन कंपनीने आपल्या ऑपरेटरांसाठी नवी यंत्रे घेण्याचे योजिले, आणि त्यांनी प्रत्येक कॉलचा वेळ वाचेल अशी सर्वांची खात्री होती; परंतु वेन ग्रे, बॉनी जॉन आणि मायकेल ॲटवुड ह्यांनी मांडलेल्या हिशेबातून नवे यंत्र जुन्यापेक्षा सुमारे 3 टक्के मंद ठरेल असे निघाले, आणि प्रत्यक्ष चाचणीत ते सुमारे 4 टक्के मंद निघाले. 1993 मध्ये त्यांनी हे विवरण प्रसिद्ध केले. नव्या यंत्राने कॉलच्या आरंभीच्या ज्या कळा वाचविल्या, त्या ग्राहक बोलत असतानाच दाबल्या जात, म्हणजे त्यांचा वेळ मुळात फुकटचाच होता. आणि जी एक कळ शेवटी वाढविली, तिच्यासाठी मात्र सारे काम थांबून राही. सेतू केंद्राचा शिरस्ताही तोच: अर्जदार नावगाव सांगत असताना पडणाऱ्या कळांचे ओझे कोणालाच जाणवत नाही; ओटीपीची वाट पाहून झाल्यावर जी जादा पुष्टी मागितली जाते, ती रांगेतल्या प्रत्येकाच्या माथी बसते.

टंकलेखनाच्या दाखल्याविषयी थोडक्यात सांगावयाचे ते असे. राज्य सेवेतील लिपिक-टंकलेखकाला मराठीत मिनिटाला 30 शब्दांची गती आवश्यक आहे, आणि ती असावीच. पण वरच्या हिशेबात मनाशी ठरविण्याचा एक क्षण जवळजवळ पाच कळांच्या तोडीचा आहे, आणि ज्या अर्जात दर रकान्यापाशी तसे थबकावे लागते, त्यात चपळ बोटांचा उपयोग अर्धामुर्धाच होतो.

मग हा हिशेब ऑपरेटरच्या डोक्यावर निकष म्हणून मारावा काय? काही वरिष्ठांना तो मोह होणे स्वाभाविक आहे. पण ही रीत पडदे तोलण्यासाठी घडविली आहे, माणसे तोलण्यासाठी नव्हे. ती सराईत हात, ठरलेली पद्धत आणि बिनचूक काम गृहीत धरते. पहिल्यांदाच मोबाइलवरून घरी अर्ज भरणाऱ्या विद्यार्थ्याचा किंवा खोडून पुन्हा लिहिणाऱ्याचा वेळ तिला सांगता येत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 सेवांची मुदत दिवसांत मोजतो. त्या दिवसांतले बहुतेक पडताळणीत आणि स्वाक्षरीच्या प्रतीक्षेत जातात, आणि त्यांवर कळफलकाचा काही अंमल नाही. 2023 पासून कुणबी नोंदी शोधण्यासाठी मराठवाड्यातील निजामकालीन उर्दू आणि मोडी दप्तरे उघडली गेली, तेव्हा एखादे पान जाणकाराकडून वाचवून घेऊन त्यातले आडनाव निश्चित करण्यात जो वेळ गेला असेल, तो 1.35 सेकंदांच्या मापाने मोजता येणारा नव्हे. आडनाव एकदा कळल्यावर ते संगणकात भरणे हे मात्र आठ-दहा कळांचे काम.