घरातलं काउंटर

बँकेत ३५ वर्षं काढलेल्या माणसाचं घर निवृत्तीनंतरही बँकच होऊन बसतं. सकाळी दहाच्या ठोक्याला हात आपोआप किल्ल्या शोधू लागतात. माझं हे असं चाललेलं पाहून पुण्यातला मुलगा एकदा म्हणाला, "बाबा, तो जुना डेस्कटॉप भंगारात देऊ नका. त्याचा वेब सर्व्हर करा. काउंटर उघडल्याचं समाधान तरी मिळेल."

तो थट्टेनं म्हणाला, पण ते खरंच निघालं. वेब सर्व्हर म्हणजे कॉम्प्युटरमधला एक प्रोग्राम. तो रात्रंदिवस खिडकीशी बसून असतो. कुणी पान मागितलं, की काढून देतो. नसेल तर '४०४', म्हणजे अशी नोंद नाही. असूनही दाखवायचं नसेल तर '४०३'. शिवाय किती वाजता कोणत्या यंत्रावरून काय मागितलं गेलं, हेही टिपून ठेवतो.

काउंटरवर ठेवण्यासारखा ऐवज माझ्याकडे होता. १९७२ च्या दुष्काळात वडील खडी फोडण्याच्या कामावर हजेरी घेत. आमचा कर्जत तालुका मुळात पर्जन्यछायेतला. त्या साली विहिरींनी तळ दाखवला आणि ज्यांच्या घरी गडी राबत, तेही हातोडा घेऊन खडीवर बसले. सरकारी मस्टर सरकारजमा झालं; वडिलांची स्वतःची वही मात्र घरात राहिली. कोण आलं, कुणाचं पोर आजारी, सुकडी कधी वाटली, कोणत्या विहिरीला किती पाणी, सगळं तिच्यात. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. लाल मिलोच्या भाकरीची चव अजून जिभेवर आहे.

वहीची पानं आता बोट लागलं की तुटतात. म्हणून पानापानाचे फोटो काढून सर्व्हरवर ठेवायचं ठरवलं.

लिनक्स फुकट, त्यावर चालणारा अपाची सर्व्हरही फुकट. फुकट म्हटलं की बँकवाला आधी बारीक अक्षरातल्या अटी शोधतो! पण १९९५ पासून जगभरचे प्रोग्रामर मिळून अपाची सांभाळत आले आहेत. सगळं बसवून झाल्यावर मी ब्राउझरमध्ये १२७.०.०.१ हा आकडा टाकला. हा पत्ता म्हणजे कॉम्प्युटरनं स्वतःच्याच दारावर टकटक करणं. पडद्यावर 'इट वर्क्स' उमटलं आणि मी सौ.ला हाक मारली.

"काय चाललंय?" ती म्हणाली.

"चाललंय, एवढंच लिहिलंय."

घरातल्या वाय-फायला जोडलेल्या मोबाइलवर वही दिसू लागली. बाहेरच्या जगासाठी दार उघडायचं तर राउटरमध्ये वेगळी सोय करावी लागते. ती मी तूर्त केली नाही.

तिसऱ्या दिवशी सर्व्हर मेला. मिक्सर लावायला सौ.नं त्याची पिन काढली होती. पण हा प्रश्न आमच्याच घरचा नव्हे. वेब ज्यानं जन्माला घातलं, त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत जगातला पहिला वेब सर्व्हर चालवला, तोही टेबलावरच्या कॉम्प्युटरवरच. त्यावर त्यांनी लाल शाईनं लिहिलेली चिठ्ठी डकवली होती, की हे यंत्र सर्व्हर आहे, बंद करू नये. आम्हीही तशीच चिठ्ठी मराठीत लावली. वीज जाऊन आली की यंत्रानं आपसूक सुरू व्हावं, अशी सेटिंगही करून ठेवली.

मग ओसरीवर माणसं येऊ लागली. कुणी आजीचं नाव शोधी, कुणी आपल्या विहिरीचं पाणी पाही.

एका संध्याकाळी शेजारचा तरुण मोबाइल पाहता पाहता गप्प झाला. मी वाकून पाहिलं आणि घाम फुटला. वहीच्या शेवटच्या पानांवर वडिलांकडे कुणी काय गहाण ठेवलं त्याची यादी होती. ती दाखवायची नव्हती. मी तिचा कुठे दुवाही दिला नव्हता. पण फोल्डर तिथेच राहिलं होतं, आणि फोल्डरात मुखपान नसेल तर आमचा सर्व्हर आतल्या फाइलींची यादीच समोर ठेवत होता. त्याच्या आजोबांचा तांब्याचा हंडा तिथे नोंदलेला होता.

बँकेत रुजू होताना मी गोपनीयतेच्या प्रतिज्ञेवर सही केली होती. एवढ्या वर्षांत एकाही खातेदाराची शिल्लक घरी सांगितली नाही, आणि इथे तिजोरीच उघडी टाकून बसलो होतो. "चुकलं माझं," मी म्हणालो.

तो म्हणाला, "काका, हंडा सुटला का?"

मी कपाटातून वही काढली. जपून पान उलटलं. पुढल्या पावसानंतरच्या नोंदींत वडिलांच्या अक्षरात एकच शब्द होता, 'सुटला'. पोरानं तो दोनदा वाचला.

त्याच रात्री यादी दाखवण्याची सोय बंद केली आणि ती पानं सर्व्हरवरून काढली. मुलगा अजून म्हणतो, वही जगासाठी खुली करा. हजेरीची पानं करीनही, पण त्या त्या घरी विचारून. काउंटर उघडणं एका दुपारचं काम आहे. तिजोरीत काय राहू द्यायचं, ते शिकायला मात्र मला निवृत्तीनंतर पुन्हा उमेदवारी करावी लागली.