परदेशी कासव आणि घरातले ऊन

कुत्रा, मांजर किंवा गाय यांनी हजारो वर्षे माणसाच्या सहवासात काढली असल्यामुळे त्यांच्या गरजा माणसाच्या घराशी बऱ्याच अंशी जुळलेल्या असतात; परंतु इग्वाना, बॉल पायथन किंवा आफ्रिकन ग्रे पोपट यांसारखे प्राणी पिंजऱ्यात जन्मले तरी शरीराने आणि स्वभावाने वन्यच राहतात. त्यांना पाळायचे तर त्यांच्या मूळ प्रदेशातील हवामानच घरात उभे करावे लागते. हे काम किती अवघड आहे, हे मत्स्यालयाच्या दुकानांत सर्रास मिळणाऱ्या लाल कानाच्या कासवावरून कळते.

रेड-इअर्ड स्लायडर या नावाने विकले जाणारे हे गोड्या पाण्यातील कासव मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. विकत घेताना ते जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचे असते आणि बहुधा प्लास्टिकच्या माडासह एका वाडग्यात घरी येते. मात्र मादीचे कवच पुढे 25 सेंटिमीटरपर्यंत किंवा त्याहूनही अधिक वाढते आणि नीट सांभाळल्यास प्राणी 20 ते 30 वर्षे जगतो. त्या माडाचा उपयोग विक्रेत्याखेरीज कोणालाही होत नाही.

कासव शीतरक्ताचे असते, म्हणजे ते शरीराची उष्णता स्वतः निर्माण करून टिकवू शकत नाही, आणि म्हणून अन्न पचवण्यासाठीही त्याला पाण्याबाहेर येऊन ऊन खावे लागते. उन्हातील अतिनील किरणांपैकी ‘बी’ गटातले किरण त्वचेवर पडले की ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्या साहाय्याने आहारातील कॅल्शियम हाडांत व कवचात पोहोचते. नेमके हेच किरण खिडकीची साधी काच अडवते, त्यामुळे फ्लॅटच्या बंद खिडकीशी ठेवलेल्या कासवाला ऊब मिळाली तरी हा लाभ मिळत नाही, आणि कालांतराने कवच मऊ व वेडेवाकडे होते. ज्या घरात थेट ऊन येत नाही तिथे हे किरण देणारा खास दिवा लावावा लागतो, आणि तोही ठराविक काळाने बदलावा लागतो, कारण त्याचा उजेड दिसत राहिला तरी उपयुक्त किरण क्षीण होत जातात. केवळ वाळवलेल्या कोळंबीवर वाढवलेल्या कासवात ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी पापण्या सुजतात. डोळे मिटून बसलेले ते कासव मालकाला झोपाळू वाटते.

मादी एकटी असली तरी वयात आल्यावर निष्फळ अंडी घालू शकते, आणि त्यासाठी तिला पाण्याबाहेर खोदण्याजोगी माती किंवा वाळू लागते. ती न मिळाल्यास अंडी पोटातच अडकून तिच्या जिवावर बेतू शकते. काचेच्या टाकीत अशी जागा क्वचितच असते. उपचारही सोपे नाहीत, कारण कुत्र्यांना व गुरांना जंतांवर सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन हे औषध कासवांना विषारी ठरते, त्यामुळे सरीसृपांची माहिती असलेला पशुवैद्य आधीच शोधून ठेवणे श्रेयस्कर.

निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या विष्ठेतही साल्मोनेला हे जुलाब व ताप आणणारे जिवाणू असू शकतात. लहान मुले छोटी कासवे तोंडात घालत असल्याने अमेरिकेने 1975 मध्ये चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची पाळण्यासाठी होणारी विक्री बंद केली. निर्यात मात्र चालूच राहिली.

भारतातील वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अनेक देशी कासवे पाळणे गुन्हा असून, 2022 च्या दुरुस्तीने साइटीस या आंतरराष्ट्रीय व्यापार-कराराच्या यादीतील परदेशी प्राण्यांचीही नोंदणी बंधनकारक केली. नोंदणीने मालक सापडतो, परंतु टाकीत न मावणारे कासव पुण्य समजून देवळाच्या तळ्यात सोडणाऱ्याला ती थांबवू शकत नाही. हे कासव जगातील सर्वाधिक उपद्रवी अशा 100 आक्रमक प्रजातींच्या प्रसिद्ध यादीत असून ऊन खाण्याच्या जागांवरून आणि अन्नावरून स्थानिक कासवांशी स्पर्धा करते. युरोपीय संघाने 1997 मध्ये त्याची आयात थांबवली, तेव्हा व्यापाऱ्यांनी त्याच प्रजातीचा पिवळ्या पोटाचा उपप्रकार पुढे आणला, आणि अखेर 2016 मध्ये संपूर्ण प्रजातीच आक्रमक जीवांच्या यादीत घालावी लागली.