“समजलं का?” विचारू नका!

मैत्रिणींनो, तुमची लेक किंवा भाची नर्सिंग शिकतेय? उद्या शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या पाड्यावर तिची नेमणूक होईल असं समजा आणि तिची एक परीक्षा घरीच घ्या.

तिथल्या कातकरी, ठाकर वस्त्यांत घरोघरी आपापली बोली चालते. “मराठीच की ती!” असं आपण म्हणतो आणि तिथंच फसतो. अर्धवट समजलं की माणूस पुन्हा विचारत नाही.

अमेरिकेत फ्लोरिडात १९८० साली १८ वर्षांच्या एका मुलाला बेशुद्धावस्थेत इस्पितळात नेलं. घरची मंडळी स्पॅनिश बोलणारी. ‘इंटॉक्सिकादो’ म्हणजे खाण्यातून काहीतरी बाधलंय, असं त्यांना सांगायचं होतं. डॉक्टर समजले, नशा केलीय! खरा होता मेंदूतला रक्तस्राव. मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. दुभाष्या कुणी बोलावलाच नाही. आपल्याला कळलं, असंच दोन्हीकडं वाटत होतं.

म्हणून परीक्षा अशी. जुलाबावरचं साखर-मिठाचं पाणी लेकीनं शेजारच्या आजींना समजावून सांगावं: उकळून गार केलेलं १ लिटर पाणी, चहाचे ६ सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मग “समजलं का?” विचारू नये, मान सगळेच डोलावतात. “आजी, आता तुम्ही करून दाखवा,” म्हणावं. लिटर म्हणजे किती तांबे, चमचा कुठला, इथंच गुण कळतील. आजींना नव्हे हं, लेकीला!

आणि पाड्यावर गेल्यावर चक्कर, कळ, धाप यांना तिथल्या बायका काय म्हणतात, ते त्यांनाच विचारून वहीत उतरवावं. औषधाच्या पेटीइतकीच ती वहीही जवळ हवी.