थोमाचे बोट आणि बंद पडलेल्या गोळ्या

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर सटाण्याच्या कोर्टाच्या आवारात एक माणूस आमच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. साल्हेर-मुल्हेरच्या बाजूचा, कोकणा आदिवासी, वय चाळीसच्या आसपास. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत दवाखान्याचे कागद. बसा म्हटले तरी बसेना. शेवटी म्हणाला, "वकीलसाहेब, पाळकावर केस होते का?"

प्रकरण असे होते. त्याच्या बायकोला क्षयरोग झालेला. सरकारी गोळ्या फुकट मिळत होत्या, दोन महिन्यांत खोकला कमी झाला, अंगावर थोडे मांस आले. मग चंगाईची सभा झाली. पाळकाने तिच्या डोक्यावर हात ठेवला, मंडळीने हालेलुया म्हटले, आणि तिला सांगण्यात आले की तू बरी झालीस; आता गोळ्या घेशील तर तो अविश्वास ठरेल. बाईने गोळ्या बंद केल्या. पुढच्या रविवारी मंडळीपुढे उभे राहून तिने बरे झाल्याची साक्षही दिली. चार महिन्यांनी तिच्या थुंकीतून रक्त पडू लागले. तेव्हा तिला सांगण्यात आले, तुझा विश्वास कमी पडला!

वाचकहो, हे शेवटचे वाक्य नीट ऐका. रोग बरा झाला तर श्रेय देवाचे, बरा झाला नाही तर दोष रोग्याचा. जगातल्या कोणत्याही कोर्टात असा पुरावा चालत नाही. ज्या दाव्याचा निकाल काहीही लागला तरी दावा खराच ठरतो, तो दावा नव्हे, ती फसवणूक आहे. मग फसवणारा स्वतः प्रामाणिक असला तरी!

आम्ही त्या माणसाला म्हणालो, केस होईल की नाही ते नंतर पाहू, आधी बाईला रुग्णालयात ने. क्षयाचा साधा इलाजसुद्धा सहा महिन्यांचा असतो. बरे वाटले म्हणून मध्येच गोळ्या सोडल्या तर उरलेले जंतू त्याच औषधाला दाद देईनासे होतात. मग रोगही जुना राहत नाही आणि इलाजही. हे सारे तो मान खाली घालून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "साहेब, पण केस केली तर आमची मंडळी मोडंल. गावातले लोक टपलेलेच आहेत. धर्मांतर, धर्मांतर म्हणून सभेत घुसतात. आणि खरं सांगू का, माझी दारू तिथंच सुटली."

आमच्यापुढचा पेच इथेच सुरू झाला. आदिवासी आणि दलित ख्रिस्ती बांधवांच्या प्रार्थनेवर जे लोक काठ्या घेऊन जातात, त्यांचे आणि आमचे कधी जमले नाही, जमणारही नाही. राज्यघटनेच्या कलम २५ ने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, पाळण्याचा आणि सांगण्याचा अधिकार दिला आहे. तो बाबासाहेबांच्या घटनेचा शब्द आहे आणि त्या शब्दासाठी आम्ही ख्रिस्ती बांधवांची वकीलपत्रे घेतली आहेत. पण शत्रू टपलेला आहे म्हणून घरातल्या माणसाच्या गोळ्या बंद होताना गप्प बसायचे काय? गप्प बसलो तर ती बाई मरते. बोललो तर काठीवाल्यांच्या हाती काठी देतो. आम्ही बोलायचे ठरवले, पण त्यांच्या भाषेत नव्हे, चिकित्सेच्या भाषेत.

पहिली गोष्ट आमच्या पाळक बंधूंना. संशय हा सैतानाचा आहे असे तुम्ही सांगता. मग तुमच्याच शुभवर्तमानातल्या थोमाचे काय करायचे? येशू पुन्हा उठला असे सगळे शिष्य सांगत असताना हा एकटा म्हणाला, खिळ्यांच्या खुणा पाहिल्याशिवाय आणि तिथे बोट घातल्याशिवाय मी मानणार नाही. येशूने त्याला मंडळीबाहेर काढले काय? नाही. त्याच्यापुढे हात केले. त्याच प्रसंगाच्या शेवटी न पाहता मानणाऱ्यांना धन्य म्हटले आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. तुम्ही सभेत तेवढेच वाचता. पण आधी पुढे केलेले हात का वाचत नाही? याच थोमाने भारतात येऊन मंडळी स्थापली असे केरळचे ख्रिस्ती परंपरेने मानतात. म्हणजे या देशातली सर्वात जुनी मंडळी आपले मूळ एका प्रश्न विचारणाऱ्या शिष्याशी जोडते!

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात बिरुया गावच्या लोकांची गोष्ट आहे. पौलासारखा प्रेषित बोलून गेला, तरी ते लोक रोज शास्त्र उघडून पडताळून पाहत होते की हा सांगतो ते खरे आहे काय. त्यांना अविश्वासी म्हटलेले नाही, थोर म्हटले आहे. पौलाला तपासता येते, मग तालुक्यातल्या पाळकाला का तपासता येऊ नये?

दुसरी गोष्ट आमच्या मराठी मुलखातली. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या आश्रमात राहिल्या आणि त्याच वर्षी त्यांनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. आश्रमाच्या भगिनींना वाटले, आता ही बाई आमच्या चर्चची आज्ञा मुकाट्याने मानील. पण जिने ब्राह्मणी शास्त्रांना प्रश्न विचारले ती बिशपला प्रश्न विचारल्यावाचून कशी राहील? त्रैक्याचा सिद्धांत, चमत्कार, धर्मगुरूंचा अधिकार, या सगळ्यांवर सिस्टर जेराल्डिन यांच्याशी तिचा पत्रांतून वाद चालला. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या ताब्यात जायला ती तयार नव्हती. आपली सदसद्विवेकबुद्धी तिने कुणाकडे गहाण टाकली नाही, आणि तरीही ती शेवटपर्यंत ख्रिस्ती राहिली. पुढे तिने हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळावरून मराठी बायबल केले. १९२२ साली मरेपर्यंत ती त्याच कामात होती. इकडे ब्राह्मणी वर्तमानपत्रे तिच्यावर तुटून पडली असताना १८८५ साली जोतीराव फुले यांनी 'सत्सार' काढून तिची बाजू घेतली, हे आमच्या वाचकांनी विसरू नये.

आमच्याच नाशिक जिल्ह्यातले उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. नाशिकजवळच्या जलालपूरचा त्यांचा जन्म. नवरा, कवी नारायण वामन टिळक, १८९५ साली ख्रिस्ती झाला. बाई त्याच्यामागे डोळे मिटून गेल्या नाहीत. वर्षानुवर्षे वेगळ्या राहिल्या, सोवळे पाळले, भांडल्या, रडल्या. मग एक दिवस त्यांनी स्वतःच विचार केला की ही जात कोणी केली, देवाने की माणसाने? उत्तर मिळाले तसे सोवळे गळून पडले. बाप्तिस्मा त्यानंतरचा. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला दिसेल की हे धर्मांतर आधी स्वयंपाकघरात आणि डोक्यात झाले. अशी श्रद्धा कोणी हिसकावू शकत नाही, कारण ती कोणी दिलेली नसते.

तिसरे उदाहरण कडू आहे. २०१२ साली मुंबईत विलेपार्ल्याच्या वेलंकनी माता चर्चजवळच्या क्रूसावरील येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागले. लोकांची रीघ लागली, ते पाणी तीर्थ म्हणून गोळा होऊ लागले. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल इडामारुकू तिथे गेले, मागची भिंत पाहिली आणि सांगितले की जवळचे गटार तुंबले आहे, ते पाणी भिंतीत मुरून केशाकर्षणाने वर चढते आहे. शाळेच्या विज्ञानात शिकवतात तेच! गटाराचे पाणी पिणाऱ्यांना सावध करणाऱ्याचे आभार मानायला हवे होते. झाले उलटे. त्यांच्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम २९५-अ खाली तक्रारी झाल्या आणि अटकेची टांगती तलवार पाहून ते त्याच वर्षी फिनलंडला निघून गेले.

वकील म्हणून आम्ही इथे थांबतो. हे कलम १९२७ सालचे. आता भारतीय न्याय संहितेत ते कलम २९९ झाले आहे. दखलपात्र आणि अजामीनपात्र. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली रामजीलाल मोदी खटल्यात ते वैध ठरवले, पण कोणत्या अटीवर? धर्मभावना दुखावण्याचा मुद्दाम आणि दुष्ट हेतू असेल तरच. गटार दाखवण्यात दुष्ट हेतू कोणता? आणि ख्रिस्ती बांधवांनो, ज्या कलमाने तुम्ही इडामारुकूंना गप्प केले, तेच कलम उद्या तुमच्या पाळकावर लावायला गावातले लोक तयार बसले आहेत. प्रश्न विचारणाऱ्यावर उगारलेली काठी शेवटी दुबळ्याच्याच पाठीत बसते.

मग त्या पाळकावर केस होते का? या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्यासाठी आयुष्य घालवले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी त्यांचा खून झाल्यावर सरकारला जाग आली. हा कायदा कोणत्याही एका धर्माविरुद्ध नाही. घरात, देवळात, दर्ग्यात, पॅगोडात, चर्चमध्ये केलेली प्रार्थना त्याने स्पष्टपणे वगळली आहे. प्रार्थना गुन्हा नाही. पण चमत्काराचा दावा करून पैसा मिळवणे, लोकांना फसवणे, दहशत घालणे हा गुन्हा आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे. रेषा कायद्याने आखली आहे, आणि ती भगताला, बुवाला, बाबाला, पाळकाला एकच आहे.

आम्ही केस केली नाही. त्या माणसाला घेऊन पाळकाला भेटायला गेलो. पाहतो तर पंचवीस-सव्वीस वर्षांचा पोरगा! बाप कांद्याच्या शेतात मजुरी करणारा, स्वतः काही महिन्यांचे बायबल शिक्षण घेतलेला. लबाड नव्हता. त्याला कोणी शिकवलेच नव्हते की प्रश्न विचारता येतो. आम्ही त्याच्याच बायबलमधून बिरुयाचे पान काढून दिले. ते त्याने दोनदा वाचले आणि म्हणाला, हे आम्हाला असे कोणी सांगितले नाही. पुढच्या रविवारी त्याने मंडळीत सांगितले की गोळ्याही घ्या, प्रार्थनाही करा. फार मोठी क्रांती झाली असे आम्ही म्हणणार नाही. बाई जगली, पण आता तिचा इलाज लांबला आहे, औषधे जड आहेत. नवरा अजून दर रविवारी जातो. फक्त आता साक्ष देणाऱ्याला विचारतो, "दवाखान्याचा कागद दाखव."

आमच्या काही कार्यकर्त्यांना आनंद होईल की वकीलसाहेबांनी ख्रिस्ती लोकांची बरी खरडपट्टी काढली. त्यांनी जरा थांबावे. आदिवासी पाड्यावर आधी भगत होता, तो गेला आणि पाळक आला. आमच्या वस्तीत पोतराज गेला, त्याच्या जागी कोण आले? दंडाला गंडादोरा बांधून बावीस प्रतिज्ञा म्हणणारे आम्ही पाहिले आहेत. बाबासाहेबांच्या फोटोपुढे नवस बोलणारे पाहिले आहेत. नेत्याने सांगितले म्हणून मत फिरवणारे आणि विचारणाऱ्याला गद्दार म्हणणारे तर रोज पाहतो. विचारणाऱ्याला गद्दार म्हणणे आणि विचारणाऱ्याला सैतानाचा म्हणणे, यात फरक तो कोणता?

आमच्या सटाण्यातच पाहा. देवमामलेदार यशवंतराव महाराजांचे मंदिर इथे आहे, मोठी यात्रा भरते. दुष्काळात त्यांनी सरकारी खजिना भुकेल्यांना वाटला आणि तपासणीच्या वेळी खजिना जसाच्या तसा भरलेला निघाला, असे भाविक सांगतात. लोक त्या भरलेल्या खजिन्याला हात जोडतात. आम्ही म्हणतो, हात जोडायचेच असतील तर त्या उघडलेल्या कुलपाला जोडा. नोकरी पणाला लावून एका मामलेदाराने भुकेल्यांसाठी खजिना खुला केला, हे चमत्काराहून मोठे आहे. चमत्कार मान्य केला की आजच्या अधिकाऱ्याला ते करावे लागत नाही, कारण तो काही देव नाही!

याच जिल्ह्यात येवल्याला १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून न मरण्याची घोषणा केली. ख्रिस्ती, मुस्लिम, शीख, सगळ्यांनी दारे उघडली. बाबासाहेब धावत कोणत्या दारात शिरले नाहीत. एकवीस वर्षे त्यांनी धर्म तपासले. ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्याची जात चर्चमध्येही सुटत नाही, हेही त्यांनी लिहून ठेवले. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी जो धम्म दिला, त्याच्या शास्त्याने केसपुत्तच्या कालामांना सांगितले होते की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा. मेलेले मूल घेऊन आलेल्या किसा गौतमीला तथागतांनी चमत्काराचे आश्वासन दिले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही त्या घरची मोहरी आणायला पाठवले. ती दारोदार फिरली आणि स्वतः समजली.

जोतीरावांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात असे घर कल्पिले आहे, ज्यात बायको बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, आणि कोणी कोणाचा द्वेष करत नाही. आम्हाला ते घर हवे आहे. पण त्या घरातले प्रत्येक माणूस ग्रंथ वाचून, विचार करून आपल्या धर्मात गेले आहे, हे विसरू नका. न विचारता मानणाऱ्यांचे ते घर एक दिवसही उभे राहणार नाही.

म्हणून ख्रिस्ती बांधवांना आमचे सांगणे एवढेच की तुमच्या दारावर काठी घेऊन कोणी आले तर आम्हाला हाक मारा, आम्ही येऊ. पण आतमध्ये थोमाला बसायला जागा ठेवा. आणि आमच्या विहारातही कोणी पोर उभे राहून "कशावरून?" म्हणाले, तर त्याला खाली बसवू नका.

जय भीम!